बिदागीचा गल्ला : प्रकल्प नोंदी

१४ जून २०२५, शनिवार

अण्णांच्या दुकानात बसून आज हिशेबाची वही उघडली. कन्ना चौकाजवळ त्यांचं मांडव आणि साऊंडचं दुकान आहे. लग्नसराई संपली की ते मोकळे असतात, म्हणून आमची ध्वनिमुद्रणं पावसाळ्यातच होतात.

सोलापूरच्या कष्टकऱ्यांच्या आठवणी त्यांच्याच आवाजात ऐकवणारी ध्वनिमालिका आम्ही करतो, तिचे आतापर्यंत सहा भाग झाले. त्यात हातमागावरचे आजोबा, मागासाठी सुताच्या कांड्या भरणाऱ्या दोघी जावा, आणि जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी या गिरण्यांचे भोंगे ज्यांच्या कानात अजून आहेत अशी माणसं आहेत. बोलणं कधी मराठीत, कधी तेलुगूत, मध्येच कानडी. ऐकायला फुकट आहे आणि फुकटच राहील, हे पहिल्या दिवशीच ठरलं होतं.

पण खर्च फुकट नाही. रेकॉर्डर साठवलेल्या पैशांतून घेतला, ११,५०० रुपयांना. त्यानंतर प्रत्येक भागाला पेट्रोल-रिक्षा ३००, तेलुगू बोलणं उतरवून मराठीत आणणाऱ्या मुलीला १,०००, सेल आणि किरकोळ १५०, म्हणजे १,४५० रुपये लागतात. अण्णांचे आणि माझे दिवस यात धरलेलेच नाहीत. सातव्या भागाला हात घालायचा तर पैसा कुठून तरी यायला हवा.

अण्णा म्हणाले, "ताई, ऐकणाऱ्यांना मागू की. लाजालाव कशाला?"

लाजच वाटत होती. ती आधी बाजूला ठेवायची.

१७ जून, मंगळवार

इतर कलाकार काय करतात ते दोन रात्री वाचलं. पेट्रिऑन २०१३ पासून आहे. तिथे चाहते दर महिन्याला ठरलेली रक्कम देतात. आम्ही दर महिन्याला भाग देऊ अशी खात्री नाही. आजोबांचा दमा वाढला की महिना जातो. मग महिन्याचे पैसे घेणं मला पटत नाही.

कोफी या संकेतस्थळाची पद्धत आवडली. एखादं काम आवडलं तर एकदाच थोडे पैसे द्यायचे, आणि त्या देण्यातून कोफी स्वतःचा वाटा कापत नाही. पण पैसे येतात पेपाल किंवा स्ट्राइप या ऑनलाइन पैसे पोचवणाऱ्या कंपन्यांमधून. पेपालने भारतातल्या भारतात पैसे देणं-घेणं १ एप्रिल २०२१ पासून बंद केलंय. इथल्या खात्यावर फक्त परदेशातून पैसे येतात. स्ट्राइप भारतात निमंत्रणाशिवाय नवं खातं देत नाही. म्हणजे कॅनडातला माणूस आम्हाला देऊ शकेल, पण अक्कलकोट रोडवर माग चालवताना कानाला हेडफोन लावणारा पोरगा देऊ शकणार नाही. आमचा खरा ऐकणारा तोच आहे.

त्यामुळे यूपीआयच. २०१६ साली सुरू झालेली ही सोय आता शेंगा चटणीच्या दुकानापासून केळीच्या गाड्यापर्यंत सगळीकडे आहे. लोकांना नवीन काही शिकवावं लागणार नाही.

२२ जून, रविवार

आजचा सगळा दिवस एका शब्दात गेला. वाया गेला असं वाटत नाही.

इंग्रजीत याला टिप जार म्हणतात. "टीप" म्हटलं की मला हॉटेलातली बडीशेपेची बशी दिसते. बिल भरल्यावर उरलेली चिल्लर तिच्यात टाकतात. आजोबांनी साठ वर्षांचं विणकाम दोन तास उलगडून सांगितलं, त्याच्यावर उरलेली चिल्लर नको.

"दान" म्हटलं तर आम्ही याचक झालो. "देणगी" म्हटलं की लोक लगेच करसवलतीची पावती विचारतात, आणि ती फक्त नोंदणीकृत संस्थांना देता येते. "वर्गणी" हा शब्द सोलापुरात गणपतीच्या आधी दारात उभा राहतो, त्यात नाही म्हणायची सोय कमी. तमाशातली दौलतजादा तर नकोच. त्यात नोट गाण्याच्या मध्ये येते आणि गाणाऱ्याला थांबवते.

अण्णांनी "गल्ला" सुचवला. मातीचा, वर चीर असलेला. तो मला फार आवडला, कारण गल्ल्यात कोणी किती टाकलं हे दिसत नाही आणि पाच रुपयेही तेवढाच आवाज करतात. पण गल्ला ही वस्तू झाली. त्यात पडणाऱ्या पैशाला काय म्हणायचं?

संध्याकाळी पिठाचा डबा काढताना आठवलं. आमचे आजोबा कीर्तनाला पेटीची साथ करायचे. रात्री उशिरा घरी यायचे तेव्हा हातात नारळ आणि पंच्याच्या टोकाला गाठ. ती गाठ आजी सोडायची. त्या पैशाला घरात पगार म्हणत नसत, दक्षिणाही नाही. बिदागी म्हणत. आजोबांनी ती कधी मागितली नाही आणि कधी नाकारलीही नाही. कीर्तन झालं, ऐकणाऱ्यांचं समाधान झालं, आता ज्यानं गळा आणि बोटं झिजवली त्याला मानानं निरोप द्यायचा.

गल्ला आणि बिदागी. ठरलं.

२९ जून, रविवार

ओळखीच्या सीए ताईंकडे गेले. चहा त्यांनीच पाजला. शब्द ऐकून म्हणाल्या, "हा कायद्यालाही बरा आहे." मला वाटलं गंमत करतायत, पण त्यांनी सगळं समजावून दिलं.

नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षभरात ५०,००० रुपयांपेक्षा जास्त रक्कम नुसती भेट म्हणून आली, तर सगळीच्या सगळी करपात्र होते. आमचं मात्र भेट नाही. आम्ही काम करतो, त्याबद्दल लोक देतात. म्हणून ते व्यवसायाचं उत्पन्न समजायचं, खर्च वजा करायचा आणि विवरणपत्रात दाखवायचं. जीएसटीची नोंदणी सेवेला वर्षाला २० लाखांच्या पुढे लागते, तो विषय आमच्यासाठी नाहीच.

परदेशाचं त्यांनी जास्त गंभीरपणे सांगितलं. भारतीय पारपत्र असलेला माणूस दुबईत राहत असला तरी तो परदेशी स्रोत नाही. पण दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलेल्यांनी देणगी म्हणून पैसे पाठवले, तर २०१० चा परदेशी योगदान नियमन कायदा आडवा येऊ शकतो. कामाचा मोबदला, बिल देऊन घेतलेला, ही वेगळी गोष्ट. सल्ला असा की परदेशाचं दार सध्या उघडू नका. उघडाल तेव्हा आधी माझ्याकडे या.

माझ्या मावसभावाला हे सांगताना वाईट वाटलं. तो न्यूजर्सीत प्रत्येक भाग ऐकतो. आजीचा आवाज ऐकल्यासारखं वाटतं म्हणतो.

कामं ठरली : उद्यमची, म्हणजे छोट्या व्यवसायाची सरकारी नोंदणी (मोफत आहे, आधारवर होते), त्याच नावानं बँकेत चालू खातं, आणि त्या खात्याला जोडलेला व्यापारी क्यूआर.

६ जुलै, आषाढी एकादशी

आज काम नाही. सगळा जिल्हा पंढरपुरात. घरून फक्त उद्यमचा अर्ज भरला, वीस मिनिटांत झाला.

१२ जुलै, शनिवार

चालू खात्याची कागदपत्रं अडकलीत. तोवर माझ्या साध्या खात्याचा क्यूआर लावून बघितला. दोन गोष्टी कळल्या, त्या सविस्तर लिहून ठेवते. पुढे कुणाला तरी उपयोगी पडतील.

पहिली. आमचे भाग लोक फोनवर ऐकतात, आणि क्यूआरही त्याच फोनवर दिसतो. स्वतःच्याच पडद्यावरचं चित्र त्याच फोननं स्कॅन कसं करणार? मी स्वतः ऐकते संगणकावर, म्हणून हे लक्षातच आलं नव्हतं. माझ्या भाचीनं विचारलं, "मावशी, दुसरा फोन आणायचा का?" फोनवरच्या माणसाला क्यूआर नको, दाबल्यावर पैशाचं ॲप उघडणारी लिंक हवी. त्या लिंकमध्ये पत्ता, नाव, रक्कम आणि शेरा अशी चार घरं असतात. रक्कम मोकळी सोडता येते.

दुसरी. लिंक केली, दाबली, ॲप उघडलं, आणि एका ॲपनं व्यवहार धोक्याचा म्हणून थांबवला. दुसऱ्यात चालला. वैयक्तिक खात्याच्या लिंकवर काही ॲप्स असा संशय घेतात. फसवणूक एवढी चाललीय की त्यांची बाजूही समजते. म्हणजे व्यापारी खात्याशिवाय गत्यंतर नाही. तोवर लिंकखाली यूपीआय आयडी नुसत्या अक्षरांत लिहिला, ज्यांना हवं ते उतरवून घेतील.

क्यूआर मात्र छापील कार्डासाठी ठेवायचा.

१९ जुलै, शनिवार

मोठी चूक झाली होती. त्या आयडीत माझा मोबाइल नंबर होता, कारण ॲपनं आपोआप दिलेला आयडी तसाच असतो. आठवडाभर अनोळखी नंबरांवरून रात्री संदेश येत होते. आज आयडी बदलला, त्यात आता मालिकेचं नाव आहे. पैसे देताना समोरच्याला बँकेतलं नाव दिसतंच, ते टळत नाही. पण नंबर तरी दिसायला नको. बाई एकटी हे काम करणार असेल तर तिनं पहिल्या दिवशी हे करावं.

२३ जुलै, बुधवार

अण्णांना फोन आला. "मालिका फार आवडली, दोन हजार पाठवतोय, तुमच्या फोनवर विनंती येईल, पिन टाका म्हणजे जमा होतील." अण्णांनी पिन टाकायच्या आधी मला विचारलं, म्हणून वाचलो. यूपीआयमध्ये पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, फक्त द्यायला लागतो. दुकानाच्या भिंतीवर हे वाक्य मराठी आणि तेलुगूत लिहून चिकटवलं. शेजारचा चहावाला आणि टेलर, दोघेही येऊन वाचून गेले.

३ ऑगस्ट, रविवार

चालू खातं सुरू झालं. व्यापारी क्यूआरही आला.

फी किती कापतात याची चौकशी केली. पेमेंट गेटवे, म्हणजे मध्ये राहून ऑनलाइन पैसे गोळा करून देणाऱ्या कंपन्या, साधारण २ टक्के घेतात आणि त्या फीवर १८ टक्के जीएसटी. शंभरावर २ रुपये ३६ पैसे. कार्डानं देणाऱ्यांसाठी ती सोय करता आली असती. पण यूपीआयवर १ जानेवारी २०२० पासून व्यापाऱ्याकडून एमडीआर, म्हणजे व्यवहारावरची फी, घेत नाहीत, आणि आमचा क्यूआर थेट बँकेचा, मध्ये कोणी नाही. एकवीस रुपये दिले की एकवीसच येतात. कार्ड वगळलं.

रकमेवर वाद झाला. मी ५०, १०० आणि ५०० अशी तीन बटणं केली होती. अण्णा म्हणाले, शंभर कोण देतं ताई, एकशेएक देतात. वर एक रुपया ठेवल्याशिवाय आपल्याकडे पाकीट बंद होत नाही. शून्यावर संपणारी रक्कम म्हणजे हिशेब मिटला. वरचा रुपया म्हणजे पुन्हा येणं आहे. बटणं बदलली : २१, ५१, १०१, आणि चौथं मोकळं.

९ ऑगस्ट, शनिवार, नारळी पौर्णिमा

मार्कंडेय महामुनींचा रथ. तेलुगू विणकरांचा सगळा पद्मशाली समाज रस्त्यावर. आम्ही दोनशे छापील कार्डं घेऊन गेलो. एका बाजूला क्यूआर, दुसऱ्या बाजूला मराठी आणि तेलुगूत तीन ओळी : हे तुमच्या घरातले आवाज आहेत. ऐकणं फुकट आहे. आवडलं तर बिदागी द्या.

ढोल-ताशांत कोणाला काही सांगता येत नव्हतं, नुसतं कार्ड हातात द्यायचं. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी कार्ड वाचलं, आमच्याकडे बघितलं आणि खिशातून दहाची नोट काढून थेट अण्णांच्या हातात दिली. ऑनलाइन गल्ल्याची पहिली बिदागी रोख आली. वहीत तशीच लिहिली.

रात्री अकराला पहिला यूपीआयचा संदेश : ५१ रुपये. शेऱ्यात लिहिलं होतं, "आमचे तात्या पण जेकार्डवर होते." जेकार्ड म्हणजे नक्षी विणणारा माग.

१३ ऑगस्ट, बुधवार

आजची नोंद लांब होणार.

सातव्या भागासाठी कुंभारीच्या विडी घरकुलात, विडी कामगारांच्या वसाहतीत गेलो. मावशी चाळीस वर्षं विड्या वळतायत. मांडीवर सूप, त्यात तंबाखू, बाजूला भिजवून कापलेली पानं. बोट आणि तोंड एकदम चालतं. मजुरी हजार विड्यांवर, आणि खराब म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांचे पैसे नाहीत. त्यांनी वळताना म्हणायचं एक तेलुगू गाणं म्हटलं. विडीला दोरा गुंडाळायचा जो ताल, तोच गाण्याचा. अण्णांनी डोळे मिटून ऐकलं.

निघताना मी त्यांना कार्ड दिलं आणि बिदागी म्हणजे काय ते सांगितलं. त्यांनी विडी खाली ठेवली.

"तू विचारलीस. अण्णानं मशीन धरलं. बोललं कोण?"

मी म्हटलं, तुम्ही.

"गायलं कोण?"

"तुम्हीच, मावशी."

"मग बिदागी कुणाची?"

त्या रागावल्या नव्हत्या. हजारावर मजुरी मोजण्यात आयुष्य गेलेल्या बाईनं सरळ हिशेब विचारला होता. मी आजोबांच्या पंच्याच्या गाठीबद्दल इतकं लिहिलं आणि ती गाठ माझ्याच पदराला बांधून घ्यायला निघाले होते. परतताना आम्ही दोघंही बोललो नाही.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

ठरवलं. प्रत्येक भागाच्या बिदागीचे तीन वाटे : एक बोलणाऱ्याचा, एक खर्चाचा, एक अण्णांचा आणि माझा मिळून. आधीच्या सहा भागांनाही हेच लागू.

कोणत्या भागाचा पैसा कोणता, हे कसं कळणार? लिंकमधलं शेऱ्याचं घर इथे कामाला आलं. प्रत्येक भागाची वेगळी लिंक केली आणि शेऱ्यात एक शब्द भरून ठेवला : माग, कांडी, भोंगा, विडी. बँकेच्या उताऱ्यात तोच शब्द दिसतो. कोणी शेरा पुसून स्वतःचा मजकूर लिहिला तर तो वाचून ठरवायचं. छापील कार्डावरून आलेले पैसे सगळ्या बोलणाऱ्यांत सारखे वाटायचे.

सीए ताई म्हणाल्या, दिलेल्या वाट्याचं व्हाउचर करा, सही किंवा अंगठा घ्या, तो तुमचा खर्च धरता येईल.

आणि मागणीचं वाक्य बदललं. आधी होतं, "आमच्या कामाला हातभार लावा." आता, "या आवाजाला बिदागी द्या. तिचा तिसरा वाटा बोलणाऱ्याच्या हातात जातो." हे वाक्य मला न लाजता म्हणता येतं. जूनपासून अडलेलं आज सुटलं.

२४ ऑगस्ट, रविवार

विडीचा भाग प्रसिद्ध केला. मागणी भागाच्या शेवटी ठेवत होतो, पण शेवटापर्यंत ऐकणारे कमी. आता गाणं संपतं, सूप खाली ठेवल्याचा आवाज येतो, तिथे मी पंधरा सेकंद बोलते आणि मावशी पुन्हा सुरू होतात. पंधरा सेकंदांच्या वर नाही, हा अण्णांचा नियम.

७ सप्टेंबर, रविवार

काल विसर्जन झालं. रात्रभर लेझीम ऐकून डोकं दुखतंय, तरी हिशेब केला.

९ ऑगस्टपासून ६३ वेळा बिदागी आली, एकूण ७,१४० रुपये. सगळ्यात जास्त वेळा ५१. एकदा १,००१. एकदा सव्वा रुपया, म्हणजे खरोखर १ रुपया २५ पैसे, शेऱ्यात फक्त "नमस्कार". देवापुढे ठेवतात तसा. तो मी वेगळ्या ओळीत लिहिला.

मंडळं उत्सवानंतर जमाखर्च फळ्यावर लावतात. आम्हीही लावणार : तारीख, रक्कम, भागाचा शब्द, आणि वाटा कधी दिला. देणाऱ्याचं नाव नाही. कोणी किती दिलं हे गल्ल्यासारखंच झाकलेलं राहू दे.

२४ सप्टेंबर, बुधवार

सीना नदीला पूर. माढा, मोहोळकडची गावं पाण्यात, हायवे बंद. मागणीची पंधरा सेकंदं सगळ्या भागांतून काढली. या दिवसांत लोकांच्या हातात जे आहे ते तिकडे जायला हवं. अण्णांनी मांडवाच्या ताडपत्र्या टेम्पोत भरून पाठवल्या.

१ ऑक्टोबर, बुधवार

एका व्यक्तीनं दुसऱ्या व्यक्तीला यूपीआयवर पैशाची विनंती पाठवण्याची सोय आजपासून बंद झाली. जुलैत अण्णांना आला तसा फोन आता तरी त्या वाटेनं येणार नाही. भिंतीवरचा कागद तसाच ठेवलाय.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

मागणी पुन्हा सुरू केली. माग आणि कांडीचे वाटे पोचते झाले. हातमागावरच्या आजोबांनी पैसे घेतले नाहीत, नातवाच्या खात्यावर टाका म्हणाले. व्हाउचरवर सही मात्र स्वतः केली, जुन्या वळणाची, तेलुगूत.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार, वसुबारस

विडीच्या भागाचे एकूण ४,८६०. मावशींचा वाटा १,६२०. त्यांच्याकडे साधा फोन आहे, म्हणून रोख नेले. पाकिटात वर एक रुपया घातला, तो माझ्याकडचा.

त्यांनी पाकीट उघडून दोनदा मोजलं. मग म्हणाल्या, कुणी कुणी दिले ते वाच. मी नावं सांगत नाही म्हटल्यावर म्हणाल्या, नुसते आकडे वाच. ४६ आकडे तारखेसकट वाचले. त्या विड्या वळत ऐकत होत्या. एकवीसला मान हलवायच्या, एकशेएकलाही तेवढीच. सव्वा रुपया त्यांच्याच गाण्याला आला होता. तो पुन्हा वाचायला लावला.

व्हाउचरवर अंगठा उमटवला, बोट पदराला पुसलं आणि अण्णांना तेलुगूत काहीतरी म्हणाल्या. अण्णांनी मला सांगितलं, त्या दिवशी गाण्याची दोन कडवी त्यांनी म्हटलीच नव्हती. आज म्हणतील.

रेकॉर्डरमध्ये सेलची एकच काडी उरली होती. कोपऱ्यावरच्या दुकानातून दोन सेल आणले, घालून दिले, आणि अण्णांनी मशीन पुढे धरलं.